सुपर म्हणजे वर

भालेरावजींनी आयुष्यात एकच सिनेमा अर्ध्यावर सोडला, आणि तोही लहान मुलांचा. बाल्कनी रिकामी असताना त्यांनी आम्हा सगळ्यांना हट्टाने खालचीच तिकिटं काढायला लावली होती. सिनेमातला सुपरहिरो गच्चीच्या कठड्यावर बसून आईच्या आठवणीने रडायला लागला, तसे भालेरावजी उठले. सबंध रांगेच्या गुडघ्यांना धक्के देत बाहेर पडले. दारावरच्या माणसाला म्हणाले, "भाईसाहब, रोना ही देखना था तो घर में बैठते!" मध्यंतरात मी शोधायला गेले, तर पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी हात मागे बांधून उभे.

"वहिनी, सुपर म्हणजे काय? सुपर म्हणजे वर. सुपरिंटेंडंट म्हणजे वरून बघणारा. तोच जर क्लार्कच्या शेजारी बसून रडायला लागला, तर सेक्शन चालेल का?"

मी म्हटलं, "नाही चालणार. पण पॉपकॉर्न घ्या आता, रांग वाढतेय."

भालेरावजी म्हणजे लक्ष्मीबाई नगरातले आमचे शेजारी. सरकारी क्वार्टर, तळमजला, दारात तुळस आणि कढीपत्ता. नोकरी सेक्शन ऑफिसरची. त्या 'जी'ने दचकू नका. दिल्लीत इतकी वर्षं काढली की मराठी माणूस मराठी माणसालाही 'जी' लावतो आणि चिडला की 'यार' म्हणतो. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा त्यांची मृणाल शाळेत होती आणि बायको जाऊन दोनेक वर्षं झाली होती. मुलीच्या दोन वेण्या हेच घालायचे. इतक्या घट्ट घालायचे की पोरीचे डोळे ताणले जायचे. शाळेच्या मीटिंगला बायकांच्या घोळक्यात ताठ मानेने बसायचे. त्यांना 'बिच्चारे' म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आमच्या ह्यांचं मत भालेरावजींच्या नेमकं उलटं. थंडीत रविवारी दुपारी उन्हात खुर्च्या टाकायच्या, मूंगफली सोलायची आणि सुपरहिरोवरून भांडायचं, हा दोघांचा कार्यक्रम. दोघांच्या डोक्यावर मिळून एका माणसाचे केस नाहीत, आणि विषय हा!

हे म्हणायचे, "काळ बदलला भालेरावजी. आता हिरो आपल्यातला वाटला पाहिजे. त्याचेही हप्ते थकावेत, त्यालाही बायकोने झापावं, त्याचाही गुडघा दुखावा. मग बघणाऱ्याला वाटतं, ह्याला जमतं तर आपल्यालाही जमेल."

"आपल्यातले आपण आहोतच की! त्याला तिकीट कशाला? मान वर करून बघावं असं एक तरी माणूस नको का? उद्या पूल पडतोय आणि हा म्हणाला, थांबा, माझा गुडघा दुखतोय. मग?"

"मग त्याला बाम द्यावा."

"यार, चेष्टा नको हां. बिल्कुल नको!"

मी दोघांनाही म्हणायचे, आधी त्याचा झगा कोण धुतं ते सांगा, मग पुढचं बोला. 

बरं, भालेरावजींचा हा नियम फक्त सिनेमापुरता नव्हता, स्वतःलाही लागू होता. अंगात सणसणीत ताप असला तरी म्हणणार, "जरा ऊब आहे." दाढ काढून आले तरी शेव खाणार. मृणाल सांगायची, "काकू, लहानपणी आँधी आली, खिडक्या आपटायला लागल्या, लाइट गेली की मी किंचाळायचे. बाबा शांतपणे म्हणायचे, घाबरायचं नाही, वाऱ्याला मी सांगून आलोय." पोरीला कितीतरी वर्षं खरंच वाटायचं की दिल्लीतला वारा तिच्या बाबांच्या हाताखाली काम करतो.

तर अशी ही मृणाल मोठी झाली, नोकरीला लागली, ऑफिसातल्याच एका पंजाबी मुलाशी लग्न करून गुडगावला गेली. जावई सालस. उंच सोसायटीत अठराव्या मजल्यावर फ्लॅट. तिथेच इरा झाली. ती भालेरावजींना 'नानू' म्हणते आणि ते दर वेळी "नानू नाही, आजोबा" अशी दुरुस्ती करतात. पोरगी मान डोलावते आणि म्हणते, "ओके, नानू."

आणि इथेच घोडं अडलं. भालेरावजी लेकीच्या घरी म्हणून कधी गेलेच नाहीत. म्हणजे गुडगावला जायचे, पण सोसायटीच्या बागेतल्या बाकावर बसायचे. "वर कशाला? इथे हवा छान आहे." गुडगावची हवा, आणि छान! मृणाल बिचारी थालीपिठाचा डबा घेऊन खाली यायची. जावई चहाचा थर्मास घेऊन यायचा. नातीचं बारसंसुद्धा त्यांच्या आग्रहाने खालच्या हॉलमध्ये झालं.

त्यात रिटायरमेंट आली. क्वार्टर सोडायचं. मृणालने त्यांच्यासाठी खोली तयार केली, भिंतीला त्यांच्या आवडीचा पिस्ता रंग दिला, देवासाठी कोनाडा करून घेतला. भालेरावजी म्हणाले, "मी साताऱ्याला खोली बघतो." साताऱ्याला त्यांचं आता कोण होतं? चिटपाखरू नाही! मृणाल माझ्या स्वयंपाकघरात बसून ओक्साबोक्शी रडली. "काकू, माझं लग्न त्यांना अजून मान्य नाही. तोंडाने बोलत नाहीत, पण माझ्या घराची पायरी चढत नाहीत. सांगा ना, माझं काय चुकलं?"

मला असा संताप आला! म्हटलं, ह्या माणसाला लेकीपेक्षा ताठा मोठा झाला.

तेवढ्यात इराचा वाढदिवस आला. फर्मान निघालं, सगळ्यांनी सुपरहिरो होऊन यायचं. नानूनेसुद्धा. आणि केक वर, घरातच कापायचा. मी म्हटलं, बरी सापडली संधी. माझी जुनी लाल साडी फाडून भालेरावजींना झगा शिवला, काळ्या ब्लाऊजपीसचा मुखवटा केला. ते आरशासमोर उभे राहिले आणि चक्क खूश झाले. "वहिनी, इस्त्री मात्र कडक हवी. सुपरहिरोला चुरगळून चालत नाही."

टॅक्सीत झगा मांडीवर नीट घडी घालून बसले होते. सोसायटीच्या गेटवर उतरताच झगा आणि मुखवटा चढवला. गार्डने सलाम ठोकला, त्यालाही त्यांनी रुबाबात उत्तर दिलं. आम्ही लिफ्टपाशी आलो. लिफ्ट बाहेरच्या बाजूने काचेची. आत उभं राहिलं की सगळं गुडगाव पायाखाली. दार उघडलं, आमचे हे आत गेले, मी गेले. भालेरावजी बाहेरच.

"तुम्ही व्हा पुढे, वहिनी. मी जरा... इथे हवा छान आहे."

आज काही मी सोडणार नव्हते. आमच्या ह्यांना वर पाठवलं आणि मी बाहेर आले. चांगलं झाडायचं म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी भिंतीजवळची कुंडी दोन्ही हातांनी धरलेली. मुखवट्याखालून घाम ओघळत होता.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "मला वर जाता येत नाही. उंचावर गेलो की पाय विरघळतात. लहानपणापासून आहे हे."

बाई गं! मग एकेक उलगडत गेलं. तळमजल्याचं क्वार्टर. सिनेमाची खालची तिकिटं. मेट्रो सोडून बसने जाणं, कारण "मेट्रो खांबांवरून जाते, ते काही खरं नाही." चौथ्या मजल्यावरच्या सेक्शनला साफ नकार, ज्याला आम्ही सगळी वर्षं तत्त्व समजत होतो.

"अहो, मग सांगायचं नाही का? लेक तिकडे रडून अर्धी झाली!"

"कसं सांगू? तिची आई गेली तेव्हा घरात न घाबरणारं माणूस मी एकटाच उरलो होतो. मीही घाबरतो म्हटलं असतं, तर पोरीने कोणाकडे बघायचं? नंतर सांगायचं राहूनच गेलं." मग कुंडी सोडून माझ्यापुढे हात जोडले. "तिला सांगू नका, वहिनी."

मी ऐकते होय! तिथल्या तिथे मृणालला फोन लावला. म्हटलं, आहेस तशी खाली ये.

मृणाल आली. मागून इरा, तिच्याही पाठीवर झगा. भालेरावजींनी पाठ ताठ केली आणि सवयीने म्हणाले, "इथे हवा..." मी त्यांच्याकडे डोळे वटारले.

"मला भीती वाटते गं मृणाल," ते म्हणाले. "उंचीची. तुझ्या घराची नाही."

मृणालने त्यांच्या दंडावर दोन गुद्दे घातले. "बाबा, इतकी वर्षं! मला वाटलं, तुम्हाला मी नको झाले!" आणि त्याच दंडावर डोकं ठेवून रडायला लागली. भालेरावजीही रडले. झग्यासकट रडले. सिनेमातल्यासारखं उठून पळायला तिथेही दार होतं, पण गेले नाहीत.

इराला एवढंच कळलं की काहीतरी अडलंय. तिने झगा ओढून विचारलं, "नानू, आपको डर लगता है?"

"हो गं बाळा. लागतो."

तिने त्यांना खाली वाकायला लावलं. मुखवटा गरकन फिरवला, भोकं मागे आणि काळं कापड डोळ्यांवर. "अब कुछ नहीं दिखेगा." मग त्यांचं बोट घट्ट धरलं आणि लिफ्टमध्ये शिरली. त्यांच्या दुसऱ्या हाताला मृणाल. मी मागे.

दार मिटलं. लिफ्ट हलली तसा भालेरावजींनी मृणालचा हात आवळला. इराला धड मराठी येत नाही, पण एक वाक्य तिला अख्खं पाठ आहे. आँधी आली की तिची आई तिला तेच सांगते. भालेरावजींच्या झग्याला बिलगून ती म्हणाली,

"घाबरायचं नाही, आजोबा. लिफ्टला मी सांगून आलेय."