साठ वर्षांची अखंड धडधड

जुन्या गाडीचा फोटो काढावा तर या अवधूतनंच! हे मी स्वतःच सांगतोय, कारण दुसरं कोणी म्हणेपर्यंत थांबायला मला सवड नाही.

यवतमाळच्या एका सरकारी कार्यालयात मी बावीस वर्षं आवक-जावक सांभाळतोय. तो झाला पोटाचा उद्योग. शनिवार-रविवार मात्र गळ्यात कॅमेरा, बुडाखाली स्कूटर आणि जिल्हाभर जुन्या यंत्रांचा शोध! घाटंजीच्या बाजारातलं हातानं फिरवायचं शिलाई मशीन, एका बंद पडलेल्या जिनिंगमधला भलामोठा पट्टा, कोणाच्या गोठ्यातलं डिझेल इंजिन... गंज दिसला की माझे डोळे भरून येतात. "बाथरूमचा नळही गंजलाय, त्याच्याकडे बघून कधी डोळे भरले नाहीत," असं आमची बायको सुमेधा म्हणते. कलावंताच्या घरी असं कोणीतरी असतंच.

माझ्या प्रदर्शनासाठी बावीस फोटो तयार होते. तेविसावा हवा होता. आणि कळलं, की राळेगावजवळच्या एका गावात भगवानराव नावाच्या कास्तकाराकडे चौसष्ट सालची जीप आहे!

गेलो. बघितली. गोल डोळ्यांसारखे दिवे, समोर हँडल मारायचं भोक, आणि रंग असा, की मूळचा कुठला हे खुद्द मालकालाही सांगता येईना. इंजिन दिवाळीपासून बंद होतं. भगवानराव चौऱ्याहत्तर वर्षांचे, पण ताठ. जीपच्या बॉनेटवर हात ठेवून असे उभे राहिले, की मी जागच्या जागी कॅमेरा काढला.

"काढा फोटो, कितीक काढाचे थे काढा," भगवानराव म्हणाले. "पण माही एक अट हाय. रविवारी आमच्या नातीचं साक्षगंध हाय."

साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. आजी-आजोबांनीच लहानाची मोठी केलेली नात निकिता दारातच उभी होती. ती लाजून आत पळाली.

"सोयरे उमरखेडचे हायेत. त्याइची गाडी राळेगावच्या चौकातूनच येईन. तं चौकात माहा अन् जीपचा फोटो लागला पाह्यजे. हा एवढा! त्याइले समजलं पाह्यजे, पोट्टी कोन्या घरची करून राह्यलो!"

"काकाजी, फ्लेक्स माझ्याकडून!" मी छातीवर हात मारला. "असं लावतो, की सोयऱ्यांनी गाडी थांबवून हात जोडले पाहिजेत!"

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

बेबीताई, म्हणजे भगवानरावांची बायको, बाहेर आल्या. "बिनाहाराचा फोटो चांगला दिसते का जी?" म्हणून त्यांनी झेंडूचा हार आणून जीपच्या टपाला असा अडकवला, की तो बरोबर भगवानरावांच्या डोक्यावर आला. मी भगवानरावांना म्हटलं, "काकाजी, हसू नका. गंभीर चेहरा ठेवा. दूर कुठेतरी बघा." ते दूर बघू लागले. इतके दूर, की मलाच गलबलून आलं. रंगीत फोटोत ती खोली येत नाही, म्हणून मी तो काळा-पांढरा केला. मग खाली तीन ओळी लिहिल्या:

भगवानरावांची जीप
१९६४ – २०२४
साठ वर्षांची अखंड धडधड अखेर थांबली.

वाचून दाखवल्यावर सुमेधा म्हणाली, "शेवटची ओळ जरा कशीतरीच वाटते."

"तुला इंजिनातलं काय कळतं?" मी म्हणालो.

राळेगावात बंटीचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, नेमणूक, दहावीचा निकाल, सगळा तालुका बंटीच छापतो. मी त्याला मोबाइलवर फोटो आणि मजकूर पाठवला. गुरुवारी संध्याकाळी फोन आला, "सर, लावलं जी चौकात! तुमच्याकडून थोडं राह्यलं होतं, थे म्या टाकून देल्लं."

"शाब्बास!" म्हणालो मी. काय राहिलं होतं, हे विचारलं नाही. मोठी माणसं बारीकसारीक बघत नाहीत.

शुक्रवारी सकाळी मोबाइल उघडतो तर काय! चौकातल्या माझ्या फ्लेक्सचा फोटो कोणीतरी टाकलेला, आणि खाली हात जोडलेल्यांची ही रांग! ऑफिसचा ग्रुप, शाळेचा ग्रुप, कॉलनीचा ग्रुप, सगळीकडे नुसते नमस्कार! कोणी फुलंही पाठवलेली.

"सुमेधा, बघ! एका जीपसाठी दोनशे नमस्कार!"

सुमेधानं चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, तुम्ही माणूस मारलात."

मी बघितलं. जीप नव्हतीच! नुसते भगवानराव, दूर बघणारे. डोक्यावर झेंडूचा हार. कोपऱ्यात तेवती समई. वर हे एवढ्या अक्षरात 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये 'भगवानराव', खाली '१९६४ – २०२४', त्याखाली माझी धडधड, आणि अगदी तळाशी 'शोकाकुल: अवधूत सर व समस्त मित्र परिवार'!

तेवढ्यात निकिताचा फोन. रडत होती पोरगी.

"काका, काय करून ठेवलं जी तुमी? मी ब्लाउज आणाले राळेगावले आली, तं चौकात आजोबा! अन् कपिलच्या घरचे उमरखेडहून मौतीले निघाले!"

"अगं, पण त्यांनी आधी घरी फोन नाही का केला?"

"केला ना! आजीनं उचलला!"

तो फोन कसा झाला, ते नंतर कळलं. भगवानराव पहाटेच्या एसटीनं जीपचा सेल्फ दुरुस्त करून आणायला यवतमाळला गेले होते. म्हणजे ज्याच्यानं गाडी सुरू होते, तो स्टार्टर. मोबाइल घरी, चार्जिंगला. नवरदेवाच्या, म्हणजे कपिलच्या बापानं चौकशी केली, ती अशी:

"हॅलो, भगवानराव गेले म्हंते?"

"हो जी, गेले ना. सकाळीच."

"अरेरे! काही तरास झाला का?"

"तरास कायचा? उठले, चहा पेले अन् गेले."

"भाग्यवान मानूस! तुमी एकल्याच हा का तिथी?"

"मंग काय करता जी. आता येन्याचीच वाट पाह्यतो."

झालं! साक्षात बायकोच सांगतेय म्हटल्यावर आणखी कोणाला विचारायचं? निकितानं कपिलला खरं काय ते सांगितलं, कपिलनं बापाला सांगितलं. बाप म्हणाला, "घरची बाई खोटं सांगते, अन् तू खरा का? चूपचाप बस गाडीत."

"काका, ते म्हणून राह्यले, आता सुतक. साक्षगंध रद्द. वर्षभर मंगलकार्य नाई," निकिता हुंदका देत म्हणाली. "अन् कपिलच्या काकाच्या नजरेत दुसरी पोट्टी पह्यलेपासूनच हाय!"

एका हारापायी त्या पोरीचं ठरलेलं मोडणार, आणि तळाशी शोकाकुल म्हणून नाव माझं!

मी स्कूटर काढली आणि सुसाट राळेगाव गाठलं. आधी बंटी!

"बंटी, हे काय केलंस?"

"काऊन जी सर? फोटो साजरा नाई आला का?"

"अरे, श्रद्धांजली लिहायला कोणी सांगितलं?"

"सांगाले कायले लागते? काळा-पांढरा फोटो, डोक्यावर हार, खाली दोन सालं. तुमीच सांगा, याले काय 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' लिहू?"

"आणि मी 'भगवानरावांची जीप' लिहिलं होतं ते?"

"दुःखात मानसाचं लिहनं चुकते जी. म्या समजून घेतलं. जीप काढून टाकली. समई माह्याकडून."

"ते चौऱ्याहत्तरचे आहेत! साठाव्या वर्षी कसे गेले?"

"आधारकार्डावर कोनाचं वय बरोबर रायते सर?"

"निदान दिवा तरी ठेवायचास! तो गोल दिवा कापलास बंटी, गोल दिवा!" माझ्यातला कलावंत ओरडला. बंटी म्हणाला, "समई देल्ली ना." मी त्याला फ्लेक्स उतरवायला लावलं, निकिताला मागे बसवलं आणि गावाकडे सुटलो.

अंगणात पोचलो तर रडारड सुरू! घाटंजीहून आलेल्या नात्यातल्या चार बायका बेबीताईंच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि बेबीताईसुद्धा मोठ्यानं रडत होत्या!

"काकू, तुम्ही कायले रडता?" मी घाबरून विचारलं. घाबरलो की माझी भाषा वऱ्हाडी होते.

पदरानं नाक पुसत त्या म्हणाल्या, "ह्या येऊन गळ्यात पडल्या जी. म्या म्हटलं, त्याइच्या घरचं कोनी गेलं असंन. आपन नाई रडलो तं बरं दिसते का?"

"पण काकाजी कुठे आहेत?"

"दुपारच्या एसटीनं आले, थे सिद्धे जीपीखाली गेले."

बघतो तर खरंच! जीपखालून दोन पाय बाहेर आलेले. आंगठे वर, हालचाल नाही. भगवानरावांना उजव्या कानानं कमी ऐकू येतं आणि डावा कान जमिनीला. मी तिकडे धावणार, तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. उमरखेडचे सोयरे! खांद्यावर पांढरे दुपट्टे घेतलेले सहा पुरुष, डोक्यावर पदर घेतलेल्या पाच बाया आणि सगळ्यात मागे, तोंड पाडलेला कपिल.

कपिलच्या आत्याबाईंची नजर थेट पायांवर गेली.

"माय वं! बुढ्याले अजून भुईवरच ठेवलं!" म्हणून त्यांनी जो हंबरडा फोडला, तो ऐकून घाटंजीच्या बायकांनी नव्यानं सुरुवात केली. बेबीताई त्यांच्यात! कपिलचा बाप जड पावलांनी जीपजवळ गेला, पायांशी वाकला आणि हात जोडले.

आणि जीपखालून आवाज आला, "तेरा नंबरचा पाना द्या जी कोनी तरी!"

कपिलच्या बापानं समोर पडलेल्या पान्यांतून बरोब्बर तेरा नंबरचा उचलला आणि पायांकडे सरकवला. खालून एक काळा हात आला, पाना घेऊन गेला. मग आख्खे भगवानराव बाहेर घसरले. तोंडभर ग्रीस.

"या जी, या! रविवारचं शुक्रवारीच कसं आले?" मग त्यांना रडके चेहरे दिसले. "कोन गेलं?"

"तुमी!" अकरा जण एकदम म्हणाले.

"कवा? मले तं कोनीच नाई सांगतलं!"

मी पुढे झालो आणि एका दमात सगळं सांगितलं. फोटो, हार, धडधड, बंटी. शेवटी म्हणालो, "चूक माझी आहे. पोरीची नाही, घरच्यांची नाही. फोटो मात्र फर्स्ट क्लास आला होता." हे शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती, हे निकिताच्या डोळ्यांवरून कळलं.

कपिलचा बाप भडकला. "ही काय मस्करी हाय? दीडशे किलोमीटर रडत आलो आमी! कार्याच्या तोंडावर असं अभद्र! ह्या सोयरिकीचा आता इचार करा लागन."

निकितानं मान खाली घातली. कपिल म्हणाला, "बाबा, मी गाडीत सांगून राह्यलो होतो ना!" पण त्याच्याकडे कोण बघतं? आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की कॅमेरा विकून बाथरूमचा नळ बदलावा.

पण डोळे पुसत आत्याबाई पुढे आल्या. "अभद्र कायचं रे? जित्या मानसाच्या मौतीची खबर आली, का त्याचं आयुष्य वाढते! माह्या मायनं सांगतलं हाय. हा बुढा आता शंभर पार करते, लिहून घे!"

हे सगळ्यांनाच ऐकून माहीत होतं. आत्याबाईंपुढे बोलायची कपिलच्या बापाची छाती नव्हती. तो नुसताच दुपट्टा झटकू लागला.

भगवानरावांनी ती संधी साधली. "मंग थांबाचं कायले? सोयरे आले, घाटंजीवाले आले, पोरगा हाय, पोट्टी हाय. आजच कुकू लावून टाका! रविवारलोग हा अवधूतभाऊ अजून कोनाले मारून टाकन, भरोसा नाई!"

यावर मात्र दोन्हीकडच्यांचं लगेच एकमत झालं. अर्ध्या तासात पाट मांडला. साखर घरात होतीच, पेढे गावातून आले. निकितानं तोच नवा ब्लाउज घातला आणि आत्याबाईंनी, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी, तिला कुकू लावलं. निकिता हसली. मला इतकं बरं वाटलं, की मी नकळत कॅमेरा डोळ्याला लावला.

"रंगीत काढजा!" आख्खं अंगण ओरडलं.

रंगीतच काढले. आता त्यात सगळे पांढऱ्या दुपट्ट्यात आणि आजोबा काळेठिक्कर दिसतात, त्याला माझा इलाज नाही.

गेल्या आठवड्यात लग्नाची पत्रिका आली. खाली नेहमीचीच ओळ होती, 'कृपया आहेर आणू नये'. आमच्या पत्रिकेत मात्र ती पेनानं खोडून भगवानरावांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, "अवधूतभाऊ, आहेर आनला तं चालन. कॅमेरा आनू नका."

मी पत्रिका चारदा उलटून-पालटून वाचली. मोबाइलबद्दल कुठेही काही लिहिलेलं नाही!