बाबांच्या खोलीतली आर्द्रता

हवेत पाणी किती आहे हे आमच्या शहरात माझ्याइतकं नेमकं कोणी सांगू शकत नाही. ही फुशारकी नाही, नोकरी आहे. मी वेधशाळेत निरीक्षक आहे. गेली बावीस वर्षं ठरलेल्या वेळी मापकांच्या पांढऱ्या पेटीत डोकं घालते आणि आर्द्रतेचा आकडा वहीत उतरवते. तुम्ही कपाळ पुसत "आज फारच चिकचिक आहे बुवा" म्हणता, तेव्हा ती किती टक्के चिकचिक आहे हे मला ठाऊक असतं. त्यामुळे बाबांच्या खोलीत कपाटामागे काळे ठिपके दिसले तेव्हा मी घाबरले नाही. उलट जरा बरंच वाटलं. माझी विद्या एकदाची घरच्या कामी येणार होती!

ठिपके आधी टाचणीच्या डोक्याएवढे होते. आठवड्याभरात शर्टाच्या बटणाएवढे झाले आणि खोलीला नीट न वाळलेल्या टॉवेलचा वास येऊ लागला.

घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. मी लग्न केलं नाही. आई गेल्यावर बाबा दादाकडे न जाता माझ्याकडे राहिले, आणि दादाला ते तेव्हाही पटलं नव्हतं. दादाचं घर दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर, तीन बाजूंनी ऊन. मीच मूर्खपणानं फोनवर ठिपक्यांचं बोलून गेले, आणि पलीकडे त्याचा आवाज एकदम मोठ्या भावाचा झाला.

"बेबी, बाबांची छाती आधीच नाजूक. त्यांना बुरशीच्या खोलीत झोपवतेस?"

मी सेहेचाळीस वर्षांची आहे. घरात अजून बेबीच.

"पंधरा दिवसांत भिंत कोरडी करून दाखवते," मी म्हटलं.

"ठीक आहे. पंधरा दिवसांनी शनिवारी मी येतो. भिंत काळी दिसली तर बाबांना घेऊन जाणार. मग रडायचं नाही."

सरळ सांगते, मला बाबा हवे होते. त्यांची सेवा करायला नव्हे. ते स्वतःचं सगळं स्वतः करतात, माझंही थोडं करतात. पण संध्याकाळी घरी येऊन कुलूप न काढता बेल वाजवता येणं ही काय चैन आहे, ते एकटं राहिलेल्यांनाच कळेल. आतून सपाता ओढत कोणीतरी येतं आणि "कोण आहे?" असं विचारतं. कोण असणार? रोज मीच असते. तरी ते विचारतात.

तेव्हा मी कंबर कसली. बाहेरच्या हवेत आर्द्रता शहाऐंशी टक्के, हे मीच मोजून आले होते. म्हणजे शत्रू बाहेर होता. बाबांच्या खोलीची खिडकी मी घट्ट लावली आणि फटींवर चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. बाबा पलंगावर बसून बघत होते.

"आणि हवा?" त्यांनी विचारलं.

"हवेतूनच तर पाणी येतं, बाबा."

"ते खरं. पण मी श्वासाला काय घेऊ?"

"दारातून येते तेवढी पुरे."

माझ्या विद्येवर त्यांचा फार विश्वास. मग मी भिंत साबणाच्या पाण्यानं घासली, पुसली, कोरडी केली, आर्द्रतामापक आणून कपाटाशेजारी टांगला आणि नवी वही घातली. रोज चार निरीक्षणं. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा माझी. अकरा आणि तीनला मी ऑफिसात, म्हणून ती बाबांची.

बाबांवर हे काम सोपवताना मला जराही शंका नव्हती. ते वजनमापं खात्यात निरीक्षक होते. तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली मेणाची गोळी त्यांना दुकानाच्या दारातून दिसायची. लिटरचं माप पाच मिली कमी भरलं तर समोर कोण उभं आहे हे न बघता ते पंचनामा करत. अशा माणसानं लिहिलेला आकडा तपासायचा नसतो.

आणि काय आकडे होते ते! सत्तावन्न. एकोणसाठ. छप्पन्न. पुन्हा सत्तावन्न. माझे सकाळ-संध्याकाळचे आकडे पासष्टच्या आसपास, आणि भरदुपारी बाबांचे त्याहून सरस. खोली अशी कोरडी की तिथे पापड टिकले असते.

भिंत मात्र वही वाचत नव्हती. दहाव्या दिवशी मी कपाट सरकवलं तर ठिपके एकमेकांना मिळून हाताच्या पंजाएवढा डाग झाला होता.

आता माझ्यासारखी प्रशिक्षित बाई इथे काय विचार करेल? हवा कोरडी आहे, हे सिद्ध झालं. तरी भिंत ओली आहे. म्हणजे पाणी हवेतून येत नाही, भिंतीच्या आतून येतंय. भिंतीच्या आत वरच्या घराचा पाइप आहे. म्हणजे सिस्टर.

सिस्टर आमच्या डोक्यावर राहतात. निवृत्त नर्स, त्यामुळे सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणते. मी वही घेऊन वर गेले आणि त्यांच्या मोरीकडे बोट दाखवून आकडे वाचून दाखवले.

"माझ्याकडून एक थेंब खाली जात नाही," सिस्टर म्हणाल्या.

"आकडे खोटं बोलत नाहीत, सिस्टर."

"आकडे कोणाचे?"

"बाबांचे."

हे ऐकून त्यांनी वही हातात घेतली. बाबांची कीर्ती वरच्या मजल्यापर्यंत होती. तरी त्या मान हलवत राहिल्या. शेवटी मी खरं ते सांगितलं, की शनिवारी दादा येतोय आणि भिंत काळी असली तर बाबांना नेणार आहे.

"फोडा," त्या म्हणाल्या. "पण नंतर साफ तुम्ही करायचं."

प्लंबर मिळाला तो नेमका त्या शनिवारी सकाळी. दादा संध्याकाळच्या गाडीनं येणार होता. मी हिशेब केला. बारापर्यंत गळती सापडेल, तीनपर्यंत बंद होईल, आणि दादाला निदान कारण तरी दाखवता येईल. बाबांना सांगितलं, "मी वर आहे. ठोकाठोक होईल, तुम्ही दार लावून आराम करा." त्यांनी फार आनंदानं मान डोलावली. तो आनंद मला तेव्हा खटकायला हवा होता.

प्लंबर कमी बोलणारा होता. त्यानं तीन फरश्या काढल्या, आत हात घातला आणि म्हणाला, "कोरडं आहे."

"अजून खाली असेल."

सात फरश्या निघाल्या. "कोरडं आहे."

"अहो, आकडे सांगतायत."

त्यानं प्लास्टरचा एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. बिस्किटासारखा चुरा झाला त्याचा. सिस्टर दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. मी म्हटलं, "त्या कोपऱ्यात एकदा, शेवटचं." प्लंबरनं माझ्याकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं आणि छिन्नीवर हातोडा जरा रागानंच मारला.

मग पाणी सापडलं. अगदी भरपूर सापडलं. इतकी वर्षं धडधाकट असलेला तो पाइप आमच्या डोळ्यांदेखत फुटला आणि पाणी फरशीखालच्या भेगेतून थेट खालच्या दिशेनं पळालं. प्लंबर मुख्य नळ बंद करायला जिन्यात धावला. हातोडा थांबला, सगळं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत जमिनीखालून आवाज आला.

खोकला. एक नाही, सलग. मध्ये श्वास घ्यायला थांबायचं आणि पुन्हा सुरू.

सिस्टर वाकल्या आणि डॉक्टर छातीला कान लावतात तशा जमिनीजवळ आल्या. "हा किती दिवसांचा?"

"काय?" मी म्हटलं.

"खोकला. हा काल-परवाचा नाही."

"कुठला खोकला?" असं म्हणत मी बादली उचलली आणि खाली पळाले. सिस्टर माझ्या मागोमाग.

बाबांच्या खोलीचं दार ढकललं तर समोर काही दिसेना. माझा चष्मा धुरकटला. तो पुसून पाहिलं, तर बाबा स्टुलावर बसले होते, डोक्यावरून मोठा टॉवेल घेतलेला, टॉवेलाखाली पातेलं, पातेल्याखाली विजेची शेगडी. निलगिरीच्या तेलाचा वास नाकात शिरला. चिकटपट्टी लावलेल्या खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. मागच्या भिंतीवर सिस्टरांचा पाइप नव्यानं ओघळत होता. मापकाचा काटा चौऱ्याण्णववर होता. आणि टेबलावर वही उघडी होती. तिच्यात बाबांच्या सुवाच्य अक्षरात अकराचं निरीक्षण लिहून तयार होतं. घड्याळात तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

"बाबा," मी म्हटलं.

टॉवेल हलला नाही. आतून आवाज आला, "वरचं झालं एवढ्यात?"

"किती दिवस चाललंय हे?"

टॉवेल खाली आला. लालबुंद चेहरा, केस ओले. चाळीस वर्षं दुसऱ्यांना रंगेहाथ पकडणारा माणूस पकडला गेल्यावर कसा दिसतो ते मी पाहिलं. मला हसू आलं नाही.

"तू गेलीस की एकदा, आणि तीनच्या सुमारास एकदा," ते म्हणाले. "सहाच्या आत दार उघडून वाफ बाहेर घालवायचो."

वाफ जायची ती जायची. जायच्या आधी कपाटामागची गार भिंत मात्र गाठायची. म्हणजे बुरशीमुळे बाबांना खोकला, खोकल्यासाठी वाफ, आणि वाफेमुळे बुरशी. मी खिडकी बंद करून या गोलाला वरून झाकण लावलं होतं. बावीस वर्षांचा अनुभव!

"आणि हे आकडे?"

"रोज वेगळा लिहायचो. सारखाच लिहिला की संशय येतो."

"बाबा, खोटे आकडे? तुम्ही?"

"खोकला कळला असता तर दादानं मला नेलं असतं," बाबा म्हणाले. "मला इथं राहायचंय."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "घरात पाणी का आलंय?" दादा सकाळच्याच गाडीनं आला होता. हातात बॅग, बूट भिजलेले. त्यानं भिंत पाहिली, पातेलं पाहिलं, बाबांना पाहिलं. मी सगळं सांगितलं, बाबांनी आपला गुन्हा स्वतः जोडला, आणि सिस्टरांनी खिडकीची चिकटपट्टी टराटरा ओढत मला आणि बाबांना दोन शब्द सुनावले. दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"बेबी," तो म्हणाला, "तू रोज या खोलीत येऊन काटा बघत होतीस. बाबा खोकतात हे तुला एकदाही ऐकू आलं नाही?"

नाही, असं म्हणणं सोपं होतं. बाबासुद्धा आशेनं माझ्याकडे बघत होते.

"आलं होतं," मी म्हटलं. "पहाटे येतो त्यांना. उशीत तोंड घालून खोकतात. मी उठून मिक्सर लावायचे."

खरं म्हणजे एवढ्या सकाळी मिक्सरमध्ये वाटायला घरात काही नसायचं. मी रिकामाच फिरवायचे. ऐकू आलं असं कबूल केलं तर डॉक्टर, आणि डॉक्टर आले की दादा, हे मलाही कळत होतं. बाबांनी रोज दोन आकडे खोटे लिहिले. मी एक लिहिलाच नाही. आम्ही दोघं एकमेकांना धरून ठेवत होतो आणि त्या नादात त्यांची छाती भरत चालली होती. मला तिथे उभं राहून रडायला आलं, आणि दादानं रडायचं नाही असं बजावलेलं असल्यामुळे मी भिंतीकडे तोंड करून रडले.

बाबा दादाबरोबर गेले. वाद कोणीच घातला नाही.

पुढचे दिवस मी शहाण्यासारखी वागले. खिडकी उघडली, कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं, पंखा लावला, भिंत घासून पुसून वाळू दिली. सिस्टरांच्या मोरीत फरश्या बसवून दिल्या. जुन्या रंगाच्या मिळाल्या नाहीत, त्यामुळे रोज आंघोळ करताना तुमची आठवण येते असं त्या म्हणतात. आठवड्यात भिंत खडखडीत वाळली. संध्याकाळी मी कुलूप काढून घरात शिरायचे आणि आतून कोणी विचारायचं नाही.

नवव्या दिवशी बाबांचा फोन आला. आवाज मोकळा होता. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, खोकला थांबला होता. दादा शेजारच्या खोलीत असावा, कारण बाबा हळू बोलत होते.

"बेबी, इथली हवा फार कोरडी आहे गं."

"किती कोरडी?"

"पंचवीस टक्के. घसा सुकतो माझा. डॉक्टरसुद्धा म्हणाले, थोडी ओल हवी."

"असं डॉक्टर म्हणाले?"

"म्हणजे, त्यांच्या बोलण्यावरून तसं वाटलं."

"आणि पंचवीस टक्के कशानं मोजलंत, बाबा?"

"अंदाजानं," ते म्हणाले.

बावीस वर्षांत मी अंदाजाचा आकडा कधी स्वीकारलेला नाही. मी एक शब्दही उलट न विचारता दुसऱ्या दिवशीच्या गाडीचं जायचं एक आणि यायची दोन तिकिटं काढली.