भिवरी म्हशीचं प्रोटीन

एका जंगलात एक खिंड होती. खिंडीच्या अलीकडे झाडी, पलीकडे हिरवंगार कुरण. उन्हाळ्यात अलीकडचं गवत वाळलं, की म्हशींचा कळप एकामागोमाग एक खिंडीतून पलीकडे जायचा.

त्या कळपात भिवरी नावाची म्हैस होती. स्वभावाने गरीब, खाण्यात श्रीमंत. गेल्या उन्हाळ्यात ती खिंडीत अडकली. पुढे जाईना, मागे येईना. तिच्या मागच्या सतरा म्हशी दोन दिवस उपाशी उभ्या. शेवटी सगळ्यांनी मिळून रेटा दिला, तेव्हा कुठे ती पलीकडे जाऊन पडली. मुलांनो, हसू नका. तुम्हीही कुठे ना कुठे अडकणारच आहात.

कळपातली थोरली सरूआत्या तेव्हाच म्हणाली, "भिवरे, पुढच्या साली तू सगळ्यांत शेवटी यायचं. अडकलीस, तर राहा अलीकडेच वाघाच्या सोबतीला. आम्हालाही पोटं आहेत, बाई."

भिवरीच्या पोटात भीतीचा गोळा आला. पोटाच्या मानाने तो बराच मोठा आला.

कळप अलीकडे परतल्यावर ती बारीक व्हायचा उपाय विचारायला कोल्हेसरांकडे गेली. हे सर आधी नुसतेच कोल्हे होते. एकदा शहराच्या कडेकडेने फिरून आले आणि सर झाले. त्यांचं बीळ टेकडीच्या अगदी माथ्यावर होतं.

"काय खातेस?" सरांनी विचारलं.

"गवत."

सरांनी कपाळाला पंजा लावला. "गवतात प्रोटीन कुठंय?"

"पण सर, माझ्या दुधात..."

"दुधात आहे. तुझ्यात नाही."

भिवरी खजील झाली. एवढी वर्षं आपण प्रोटीनशिवाय जगलोच कशा, हेच तिला कळेना.

"मग रोज किती घेऊ?"

"वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम."

भिवरी दिसते तेवढी भोळी नव्हती. तिने विचारलं, "आत्ता आहे त्या वजनाच्या, की व्हायला हवं त्या?"

हा प्रश्न भल्याभल्यांना पडतो. सरांनी तिचं पोट नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "जास्त भरेल त्या."

योजना सोपी होती. भिवरीने दिवसातून तीनदा टेकडी चढायची. वर येऊन दूध द्यायचं. सर ते दूध नासवणार, त्याची निवळी, म्हणजे सुटलेलं पाणी, गाळणार, खडकावर उन्हात वाळवणार आणि चिमूटभर पावडर भिवरीला चाटायला देणार.

"आणि दुधावरची साय?" भिवरीने विचारलं.

"सायीने वजन वाढतं. ती जोखीम मी घेतो," सर म्हणाले. त्यांचा हा मोठेपणा पाहून भिवरीचे डोळे पाणावले.

झालं! भिवरी सकाळी चढायची, दुपारी चढायची, संध्याकाळी चढायची. ती खाली येईपर्यंत कळपाने चांगलं चांगलं गवत फस्त केलेलं असायचं. उरलेल्या चार काड्या चघळून ती पुन्हा टेकडीच्या वाटेला लागायची. पावडरीची चव भिंतीच्या पोपड्यासारखी होती, पण भिवरी डोळे मिटून चाटायची.

सरूआत्याला राहवेना. "अगं खुळे, तुझंच दूध तुला चाटवतोय तो मेला!"

"आत्या, दूध वेगळं आणि प्रोटीन वेगळं," भिवरी समजुतीच्या सुरात म्हणाली. दोनच महिन्यांत तिला हा सूर लागला होता.

उन्हाळा आला. गवत वाळलं. कळप खिंडीतून पलीकडे गेला आणि भिवरी एकटी अलीकडे उरली. मागे झाडीत कसलीशी खसफस झाली. तिने श्वास रोखला आणि खिंडीत शिरली. शिंगं गेली. खांदे गेले. आता पोट! तिने डोळे घट्ट मिटले आणि चालत राहिली.

"अगं, उघड डोळे," सरूआत्या म्हणाली. "पोचलीस की!"

भिवरी रडली. मग हसली. मग हौसेने दोनदा खिंडीतून जाऊन आली. खरंच, फार आनंदाचा दिवस होता तो. सरूआत्याने तिचं कपाळ चाटलं आणि म्हणाली, "टेकडी चढून चढून झडलीस गं, बाई."

"छे छे! प्रोटीन," भिवरी म्हणाली आणि गुरूंचे आभार मानायला खिंडीतून परत येऊन तडक टेकडीवर गेली.

पाहते तो काय! कोल्हेसर बिळाच्या तोंडाशी अडकलेले. पुढचे पाय बाहेर, पोट आत. गाल असे सुटलेले, की डोळे शोधावे लागत होते.

"सर! हे काय झालं? तुम्ही रोज प्रोटीन किती घेत होता?"

"मी?" सर कण्हले. "चिमूटभरही नाही गं. नुसत्या सायीवर दिवस काढले."

भिवरीने मान हलवली. तिला सरांची मनापासून कीव आली.

"तरीच!" ती म्हणाली.

तात्पर्य: लबाडाचा सल्ला अवश्य घ्यावा. फक्त त्याचं दुकान चांगल्या चढावर आहे ना, तेवढं आधी पाहून घ्यावं.