शेषराव रिव्हॉल्व्हर तपासतात

तमाम नागपूरकरांना, विशेषतः प्रतापनगर ते कन्हान या टापूतल्या जनतेला, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की श्री. शेषराव लांजेवार यांनी रिव्हॉल्व्हर अद्याप घेतलेलं नाही. तपासणी चालू आहे. जनतेने घाबरून जाऊ नये आणि रानडुकरांनी हुरळून जाऊ नये.

सत्तरच्या दशकात हे निवेदन मी चौदा महिने, दर सोमवारी, आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत वाचून दाखवत असे. हेडमास्तरसुद्धा चहा थांबवून ऐकत.

शेषराव माझे शेजारी. नोकरी वजनमापे खात्यात, निरीक्षकाची. इतवारीच्या दुकानांत ते शिरले की व्यापारी तराजू पुसायला लागत. पण शेषराव तराजूकडे बघायचेच नाहीत. ते बघायचे व्यापाऱ्याच्या अंगठ्याकडे. म्हणायचे, "तराजू कायले खोटं बोलन? खोटं बोलते ते बोट." पारड्याला हळूच लागणारा अंगठा त्यांना रस्त्याच्या पलीकडून दिसे.

नोकरीतली ही नजर घरी आल्यावर टोपीसारखी खुंटीला अडकवून ठेवायची असते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नारळ ते कानाशी धरत, खरबूज नाकाशी, आणि छत्री घ्यायची तर आत शिरून सूर्याकडे बघत. जुनी सायकल घ्यायची म्हणून त्यांनी ती चार महिने चालवून पाहिली. पाचव्या महिन्यात मूळ मालक हात जोडून आला आणि म्हणाला, सायकल राहू द्या, पण पंप तरी परत करा. माझ्या मेहुण्यासाठी मुलगी पाहायला जाताना मी यांना बरोबर नेण्याचा मूर्खपणा केला. मुलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे, एवढंच मुलीच्या बापाला सांगितलं आणि पोहे मागितले. लग्न जमलं, संसार उत्तम चालू आहे, घड्याळ अजून मागेच आहे.

आणि कशाचीही घाई केली की उत्तर एकच. "घाई कायची हाय गा? वस्तूले बोलू द्या."

तर रिव्हॉल्व्हर. बुटीबोरीच्या पुढे शेषरावांचं थोडं शेत होतं. भुईमुगात डुकरं शिरत आणि दिवस मावळता एकट्याने परत यावं लागे, म्हणून त्यांनी अर्ज केला आणि परवाना मिळवला. डुकरासाठी बंदूक लागते, रिव्हॉल्व्हर नाही, असं मी म्हणालो. "बंदूक दूरच्या डुकरासाठी," शेषराव म्हणाले. "जवळच्याचं काय?"

आता जुनं रिव्हॉल्व्हर विकायला कोण काढणार? तर कन्हानचे गुलाबराव. जंगल खात्यातले निवृत्त रेंजर, सहा फूट उंच, मिशा अंगापेक्षा एक नंबर मोठ्या. जुन्या बंदुकीने आंब्याचा देठ तोडून आंबा खाली पाडत. एकदा आमच्यादेखत पाडला आणि कापूनही दिला. बायको वारलेली, मुलगा भिलाईला. मोठ्या घरात ते आणि एक कॅनव्हासची खुर्ची. शेषरावांच्या घरात तरी वेगळं काय होतं? वहिनी गेल्यापासून सहा वर्षं भिंतीपलीकडून मला फक्त स्टोव्हचा आवाज यायचा.

पहिल्या रविवारी मला पंच म्हणून नेलं. रेंजरसाहेबांनी फ्लॅनेलच्या फडक्यातून ती वस्तू काढली, चक्री उघडून सहाही घरं रिकामी असल्याचं दाखवलं आणि टेबलावर ठेवली. शेषरावांनी पुन्हा सहाही घरं मोजली. मग मला मोजायला लावली.

त्यानंतर सुरू झाली ती तपासणी नव्हे, पंचवार्षिक योजना. एक रविवार नुसत्या पेचांचा. पेचाच्या खाचा उखडलेल्या असतील तर कोणीतरी अडाण्याने आत हात घातलेला असतो, म्हणे. एक रविवार नळीचा. मागून पांढरा कागद धरायचा, त्यावर उजेड पाडायचा, आणि आत गंजाचे खड्डे आहेत का ते एक डोळा मिटून बघायचं. शेषरावांनी दोन्ही डोळे आळीपाळीने मिटून बघितलं, मग माझे मिटवले. एक रविवार घोडा मागे ओढून चक्री हलते का ते पाहण्याचा. चक्री आणि नळी यांच्यामधली फट मोजायला त्यांनी एस.टी.ची तिकिटं वापरली. "एक तिकीट जाते, दोन अडतात. फट बरोबर हाय," असं म्हणून त्यांनी वहीत नोंद केली. परतीच्या बसमध्ये तपासनिसाने तिकीट मागितलं तेव्हा शेषरावांनी सकाळचंच, तेलाचा डाग पडलेलं पुढे केलं आणि आमची चांगली वीस मिनिटं चौकशी झाली.

सगळ्यात जास्त रविवार खाल्ले ते नेमाने. शेषराव मला समजावत, की काही रिव्हॉल्व्हरांवर नेम धरायची खाच पेच फिरवून सरकवता येते. ह्याची खाच त्याच लोखंडात कोरलेली, आणि नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा उंचवटा, तिथेच पक्की बसवलेली. "हे जनमभर जसं पाहीन तसंच पाहीन. डावीकडं मारत असन त डावीकडंच मारन, कोणाचा बाप सरळ करू शकत नाई. म्हणून पहिले पाहाचं, माशी कोणी कानशीनं घासली का." घासली नव्हती. चार रविवार घासली नव्हती.

"घेता का मंग?" रेंजरसाहेब विचारत.

"घाई कायची हाय?"

"एवढ्या टायमात सरकारनं तोफ घेतली असती, लांजेवार."

"मंग सरकारले विका."

पहिले दोन महिने हे संभाषण कोऱ्या चहावर व्हायचं. तिसऱ्या महिन्यात पाटोडीचा रस्सा आला. रेंजरसाहेब तो स्वतः करत आणि त्यात तिखट इतकं घालत, की पाणी पिता पिता शेषरावांचं बोलणं बंद पडे. कन्हानमधली तेवढीच शांतता. पावसाळ्यात एकदा बस दीड तास उशिरा पोचली, तर रेंजरसाहेब छत्री घेऊन स्टँडवर उभे. म्हणाले, भाजी घ्याले आलो होतो. हातात पिशवी नव्हती.

इकडे परवान्याची मुदत संपत आली. परवाना मिळाल्यावर ठरावीक काळात हत्यार घ्यावं लागतं, नाहीतर परवाना रद्द. शेषरावांनी मुदतवाढीचा अर्ज केला. कारण: 'वस्तू अद्याप तपासणीखाली आहे.' मिळाली. पुन्हा अर्ज, पुन्हा मिळाली. तिसऱ्या वेळी कचेरीतल्या बाबूने चष्म्यावरून बघत विचारलं, रिव्हॉल्व्हर घेऊन राहिले का सून? आणि ही शेवटची वाढ, असं बजावलं.

त्या शेवटच्या महिन्यात बसमध्ये शेषरावांना डुलकी लागली आणि त्यांची वही माझ्या पायाशी पडली. मी वाचली. शिक्षकाला दुसऱ्याची वही वाचायची सवय असते. पहिल्याच पानावर, पहिल्याच रविवारची तारीख घालून, लिहिलं होतं: 'वस्तू निर्दोष. किंमत रास्त. घ्यावी.' पुढची साठेक पानं पेचांनी आणि तिकिटांनी भरलेली. मी वही परत त्यांच्या मांडीवर ठेवली. त्या सोमवारी शिक्षकखोलीत मी निवेदन वाचलं नाही. हेडमास्तरांना वाटलं मला ताप आहे.

आणि मग तो रविवार उजाडला. मंगळवारी मुदत संपणार होती. घेतलं तर तपासणी संपली, नाही घेतलं तर तपासायला जायचं निमित्तही संपलं. बसमध्ये शेजारच्या बाईची पपई कच्ची होती, तीसुद्धा शेषरावांनी जाऊ दिली.

आता एकच परीक्षा उरली होती: प्रत्यक्ष गोळी मारून बघणं. ती शेषरावांनी इतके दिवस टाळली होती. का, ते मला वही वाचल्यावर कळलं. रेंजरसाहेबांच्या शेतात मातीच्या उंच बांधासमोर एक जुनी फळी उभी केली आणि तिच्या मधोमध तुपाच्या डब्याचं झाकण ठोकलं. गोळ्या रेंजरसाहेबच मारणार होते. मिशा बाजूला सारून त्यांनी नेम धरला. मी कानात बोटं घातली. सहा बार झाले. झाडावरचे सगळे बगळे उडून कामठीकडे गेले.

झाकणाला ओरखडासुद्धा नव्हता. सहाही भोकं झाकणाच्या डावीकडे वीतभर अंतरावर, अशी दाटीवाटीने, की एका वाटीखाली झाकावीत.

"डावीकडं मारते," रेंजरसाहेब म्हणाले. चौदा महिने त्या वस्तूची आरती गाणारा माणूस आता घडाघडा तिची निंदा करू लागला. पेच नाही, सरकवायची सोय नाही, माल फेल आहे, असली वस्तू माणसाने घेऊ नये, दुरुस्तीला नागपुरात कोणी मिळतं का ते दोघांनी मिळून हळूहळू शोधावं, कचेरीत तसं लिहून द्यावं, वर्ष लागलं तरी चालेल.

शेषराव फळीजवळ गेले. भोकांवर वाटीसारखा हात ठेवून पाहिला. परत आले, रिव्हॉल्व्हर घेतलं, चक्री रिकामी असल्याची खात्री केली आणि खाचेतून माशीकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि वर बघितलं. रिव्हॉल्व्हरकडे नाही, रेंजरसाहेबांच्या उजव्या हाताकडे. इतवारीत बघायचे तसं.

"रेंजरसाहेब," ते हळूच म्हणाले, "तराजू बरोबर हाय. बोट तुमचं लागून राहिलं."

रेंजरसाहेबांची मान खाली गेली. सहा फुटांचा माणूस, पारड्याला अंगठा लावताना सापडलेल्या किराणावाल्यासारखा उभा. फडक्याची घडी केली, मोडली, परत केली.

"काहून पण?" शेषरावांनी विचारलं.

आणि बांधाकडे तोंड करून रेंजरसाहेब एकदम बोलून गेले, "घेऊन गेले त मंग रविवारी कायले यान गा तुम्ही?"