किनाऱ्यांची पसंती

या बेटावर पाहुणे किनारा निवडत नाहीत. किनारे हॉटेलात येऊन पाहुण्यांना पाहतात, आणि पसंत पडले तरच पाण्यात उतरू देतात.

हे केदारला हॉटेलात शिरल्यावर कळलं, तोवर त्याने बॅगेतून सत्तावीस किनाऱ्यांचा तक्ता काढलाही होता. वाळूला दहापैकी, गर्दीला दहापैकी, पाण्याच्या रंगाला वीसपैकी गुण. माझा नवरा असे तक्ते करतो. लग्नाआधी त्याने चौदा मुली पाहिल्या, पंधरावी मी. माझी ओळख करून देताना तो हा आकडा आवर्जून सांगतो.

"तक्ता आत ठेवा," काउंटरवरच्या मरियाबाई म्हणाल्या. "किनारे उद्या दहाला येतील. कॉफीचा ट्रे नवऱ्यामुलाने आणायचा. खाली बघून चालायचं."

आमच्याकडे चार दिवस होते आणि मला समुद्रात उतरायचं होतं. मी सोलापूरची. समुद्र तोवर फक्त विमानातून पाहिलेला, तोही त्याच दिवशी.

पहिला किनारा दहाच्या ठोक्याला आला. गोरापान, चार किलोमीटर लांब. सोफ्यावर मावेना, म्हणून उरलेला जिन्यावर बसला. सोबत त्याचा मामा, चुनखडीचा एक कडा. किनाऱ्याने लाजायचं आणि मामाने बोलायचं, असं त्यांचं ठरलेलं दिसलं.

केदार ट्रे घेऊन आला. कप वाजत होते.

"पोहता येतं?" कड्याने विचारलं.

"शिकून घेईन."

"जरा चालून दाखवा. अनवाणी."

केदार चालला. किनारा मामाच्या कानात काहीतरी कुजबुजला.

"पोट काय, सगळ्यांनाच असतं," कडा समजुतीने म्हणाला. "पण आमच्या किनाऱ्याचे फोटो फार निघतात हो. कळवतो."

"छानच झालं ना?" ते गेल्यावर केदार म्हणाला. चौदा घरांत 'कळवतो' हाच शब्द ठेवून आलेल्या माणसाला तो ओळखता आला नाही.

दुपारपर्यंत आणखी सहा येऊन गेले. एकाने सांगितलं, आम्हाला इतक्यात पाहुणे करायचे नाहीत. आणि लिफ्टपाशी एका स्वीडिश जोडप्याला होकार दिला.

"यांना काय कळतं!" केदार चिडला. "माणसाचं मन बघायचं असतं."

"हो ना," मी म्हणाले.

पाचला शेवटचा आला. लहानसा, गोट्यांचा, मामाशिवाय. केदारच्या तक्त्यात तो सत्ताविसावा होता. ट्रेकडे त्याने पाहिलंच नाही.

"तुम्हाला काही विचारायचंय का?" त्याने मला विचारलं.

हा प्रश्न मला लग्नाआधी नऊ वेळा विचारला गेला होता. उत्तरासाठी कोणी थांबलं नव्हतं. हा थांबला.

"पाणी थंड असतं का?"

"सकाळी असतं. गोटे टोचतात. सावली अजिबात नाही."

"चालेल."

"मग उद्या सातला या. सोबत एक माणूस आणता येईल. तुम्हाला पसंत असेल तो."

केदारने ट्रे खाली ठेवला, शर्ट पोटावरून खाली ओढला आणि माझ्याकडे पाहून हसला. स्थळाच्या फोटोत हसला होता तसाच.

"कळवते," मी म्हणाले.

केदार खूश होऊन खोलीत गेला आणि पोहण्याची चड्डी शोधू लागला.