टेंभेकाकांचं विरजण

आमचे शेजारी टेंभेकाका दारात आले की "कसा आहेस?" असं विचारत नाहीत. "जिवंत आहे ना?" विचारतात. प्रश्न दह्याबद्दल असतो. पण माणूस इथे आयर्लंडमधल्या ट्रलीच्या हॉस्पिटलात भुलीचा डॉक्टर, त्यामुळे नवखा पाहुणा दोन पावलं मागे सरकतो.

हे दही त्यांनी वीस वर्षांपूर्वी पुण्याहून सोबत आणलेलं. रोज दूध तापवायचं, करंगळी बुडवून कोमट झालंय का बघायचं, चमचाभर विरजण लावायचं. एक दिवस खाडा नाही. गावातल्या प्रत्येक मराठी घराला त्यांनी वाटी वाटी वाटलं, पण कोणाकडे टिकलं नाही. आमच्याकडे तेवढं टिकलं.

म्हणजे, असं मी सांगायचो. खरं तर मी ते पहिल्याच महिन्यात घालवलं होतं. मग माझी बायको मृणालने सुपरमार्केटच्या डब्यातलं विरजण लावलं, तेव्हापासून त्यातलंच रोज पुढे लावते आणि मी छातीठोकपणे म्हणतो, "एकदम ग्रँड, काका." तीन वर्षं हे बिनबोभाट चाललं. काका दर रविवारी आमच्याकडे जेवायला येतात. आल्या आल्या पाणी प्यायला स्वतः स्वयंपाकघरात जातात, दुसऱ्या कोणी उठलेलं त्यांना खपत नाही. मग दोन वाट्या कढी ओरपतात. मला वाटायचं, म्हातारा बरा फसलाय.

यंदा मी आणि मृणाल दक्षिण स्पेनमधल्या हेरेसला जाणार होतो, शेरी चाखायला. ऐन वेळी मृणालची रजा रद्द झाली आणि तिच्या जागी काका निघाले. ते दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. "तू पी. मी ऊन खातो," म्हणाले. आमच्या केरी परगण्यातल्या बारमाही पावसात राहणाऱ्या माणसाला हे कारण पुरतं.

कॉर्कच्या विमानतळावर त्यांच्या पारदर्शक पिशवीत शॅम्पू, टूथपेस्ट आणि दह्याची चिमुकली बाटली होती. तपासणीवाल्याने ती उचलली.

"औषध आहे का?"

"हो," काका गंभीरपणे म्हणाले. "माझंच."

पुढे मी विचारलं, घरी का नाही ठेवलंत? "दूध कोण देणार? तुझा भरवसा नाही," म्हणाले. मी तो विनोद समजून हसलो.

हेरेसमध्ये पोचल्यावर हॉटेलातून कोमट दूध मागवून काकांनी पेल्यात विरजण लावलं, पेला खिडकीत उन्हाला ठेवला आणि आम्ही शेरीची कोठारं बघायला गेलो. तिथल्या बाईंनी काळ्या पिंपांच्या रांगा दाखवल्या. सर्वांत खालच्या रांगेत सर्वांत जुनी शेरी. तिथून थोडीच काढायची आणि तेवढी वरच्या पिंपातून भरायची. पिंप कधीच रिकामं करायचं नाही, म्हणजे पहिल्या शेरीचा अंश राहतोच.

काका पुढे सरसावले. "बाई, हे आमच्या घरी रोज चालतं." मग त्यांनी विरजण समजावून सांगितलं. मी तेवढ्यात तीन ग्लास संपवले.

"तुमचं किती जुनं?" बाईंनी विचारलं.

"बायकोनं लग्नाच्या वर्षी लावलेलं."

मी ग्लास खाली ठेवला. शैलाकाकूंना जाऊन अकरा वर्षं झाली आणि काका त्यांचा विषय कधी काढत नाहीत.

खोलीवर परतलो तर पेला लख्ख धुऊन कागदावर पालथा घातलेला. साफसफाई करणाऱ्या बाईला वाटलं असणार, दूध नासलंय. काका पेला हातात घेऊन पलंगावर बसले.

"सगळी बाटली ओतली होती रे. शैलाच्या हातचं तेवढंच होतं."

मला माझीच लाज वाटली. "काका, आमच्याकडेही नाहीये. मी थापा मारत होतो. आमचं दुकानातलं आहे."

"ठाऊक आहे. पहिल्याच रविवारी जिभेला कळलं. म्हणून तर दर रविवारी खिशातल्या डबीतलं चमचाभर तुमच्या पातेल्यात घालतो. तुला काय वाटलं, मी पाणी प्यायला जातो?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू ओशाळला असतास. मग रविवारी बोलावलं नसतंस." काका पेल्याकडे बघत राहिले. "जेवायला बोलावणारं एकच घर आहे रे मला. आता मृणालला फोन लाव, कढी करायच्या आत."

मी फोन लावला. काकांनी तो माझ्या हातातून घेतला.

"मृणाल, जिवंत आहे ना?"

"घुसळायलाच घेत होते, काका. पातेलंभर आहे."

"एक वाटी बाजूला काढ, बाळ," ते म्हणाले आणि फोन माझ्या हातात दिला.

पुढच्या रविवारी काका पाणी प्यायला गेले नाहीत. मृणालने वाटी आणून दिली. त्यांनी निम्मं विरजण आपल्या डबीत घेतलं, निम्मं माझ्यापुढे सरकवलं. मी दूध तापवून आणलं आणि चमचा उचलला.

"आधी करंगळी," काका म्हणाले.

मी करंगळी बुडवली आणि काढली.

"गरम आहे. थांब जरा," ते म्हणाले, आणि आम्ही दोघं दूध निवायची वाट बघत बसलो.