दुधीचा हमीभाव

सासऱ्यांच्या हातात दर महिन्याला चार पैसे ठेवायचे, पण ते जावयानं ठेवले असं त्यांना वाटता कामा नये, असा पेच भावसाहेबांपुढे पडला होता. शेतमालाचे भाव ठरवणाऱ्या सरकारी खात्यात ते अधिकारी होते, म्हणून सगळी बिल्डिंग आणि पुढे ऑफिसही त्यांना भावसाहेब म्हणे. सासरे जन्मभर शिवणकाम करून ताठ मानेनं जगलेले. नजर अधू झाली, दुकान बंद झालं आणि ते लेकीकडे राहायला आले. आले ते तिकीट न काढता गाडीत बसल्यासारखे. खुर्चीच्या कडेवर टेकायचे, चहा अर्धाच मागायचे आणि पंखा लावू का विचारलं की "माझ्यासाठी नको" म्हणायचे. भावसाहेबांनी एकदा त्यांच्या खिशात हळूच एक नोट सरकवली होती. संध्याकाळी ती विजेच्या बिलाला टाचणीनं लावलेली सापडली.

"बाबांना असले पैसे नाही चालायचे," बायको म्हणाली. "त्यांना कमावलेलेच लागतात."

हे ऐकून भावसाहेबांमधला अर्थतज्ज्ञ जागा झाला. सासऱ्यांनी विरंगुळा म्हणून गच्चीवर एका पिंपात दुधीचा वेल लावला होता. रात्री जेवताना भावसाहेबांनी घसा साफ केला.

"बाबा, तुमचा दुधी यापुढे मी विकत घेणार. बाजारात जो भाव असेल त्याच्यापेक्षा थोडा जास्तच देऊन. याला हमीभाव म्हणतात."

"घरच्या दुधीचे पैसे?" सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "काहीतरीच काय, जावईबापू!"

"पैशाचा प्रश्नच नाही, प्रयोगाचा आहे. खात्रीचा भाव मिळाला की माणूस किती पिकवतो, हे मला आमच्या संचालकबाईंना दाखवायचंय. प्रयोग जमला तर माझी बढती होईल. नाही जमला तर संपलंच."

बढतीचं त्यांनी ऐन वेळी रचलं होतं. पण सासरे पहिल्यांदाच खुर्चीत पाठ टेकून बसले.

"मग जमवायलाच पाहिजे," ते म्हणाले.

"किती घेणार?" बायकोनं विचारलं.

"येतील तेवढे."

"अहो, मर्यादा घाला काहीतरी."

"मर्यादा घातली की पिकवणाऱ्याचा विश्वास उडतो," भावसाहेब म्हणाले. हे वाक्य ते गेली अनेक वर्षं सभांमधून म्हणत आले होते. घरात म्हणायची संधी आज प्रथमच मिळाली, त्यामुळे त्यांना रात्री फार छान झोप लागली.

पहिल्या आठवड्यात तीन दुधी आले. भावसाहेबांनी ते तोलले, पैसे मोजून दिले आणि सासऱ्यांनी ते दोनदा मोजून खिशात ठेवले. त्यांनी त्या दिवशी आपण होऊन पंखा लावला. बायकोचे डोळे भरून आले. भावसाहेबांनाही बरं वाटलं, कारण त्यांची एखादी योजना ज्याच्यासाठी काढली त्याच्यापर्यंत पोचल्याचं त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात दुधींची एक पिशवी आली आणि तिसऱ्यात दोन. मग रोज सकाळी पिशवी यायला लागली.

"वेल भलताच जोमात आहे की, बाबा!"

"तुमच्या भावाची कृपा," सासरे नजर चुकवून म्हणत. भावसाहेबांना तो विनय वाटे. गच्चीवर जाऊन वेल बघावा असं त्यांच्या मनात एक-दोनदा आलं. पण त्यांना उंचावर चक्कर येई, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या खात्यात पीक जाऊन बघायची पद्धत नव्हती. पीक आपल्या पायांनी, आकडे होऊन, टेबलावर येत असे.

सुरुवातीला बायकोनं दुधीची भाजी केली. मग भाजीच्या जागी आमटीत घातला. मग थालीपीठं झाली, मग वड्या झाल्या. एके दिवशी चहाला वेगळी चव लागली तेव्हा भावसाहेबांनी काही विचारलं नाही. पुढे बायकोनं विळी धुऊन वर ठेवली आणि ती म्हणाली, "आता खरेदी तुमची, साठवणही तुमची." शेजाऱ्यांना दुधी फुकट वाटून झाले. मग शेजारी बेल वाजली की आधी दाराच्या भिंगातून बघू लागले आणि भावसाहेबांच्या हातात पिशवी दिसली की घरात कोणी नसल्यासारखे गप्प बसू लागले.

दुधी पलंगाखाली गेले. पलंगाखाली मावेनात तेव्हा कपाटात गेले, आणि कपाटातले कपडे खुर्च्यांवर आले. वॉशिंग मशीनही भरलं. भावसाहेब आंघोळ तिरकं उभं राहून करू लागले, कारण न्हाणीघरात सरळ उभं राहायला जागा फक्त दुधींना होती.

"बाबांना सांगा आता, पुरे म्हणून," बायको म्हणाली.

"कसं सांगू? काल ते मोठ्यानं हसले, ऐकलंस ना? शिंकलेसुद्धा मोकळेपणी."

बायको काही तरी सांगणार होती, पण कपाटातून एक दुधी घरंगळला आणि ती तो उचलायला वाकली.

अशातच एका संध्याकाळी सासरे चप्पल काढता काढता म्हणाले, "जावईबापू, बाजारात दुधी चढलाय म्हणतात. आपला हमीभाव आता खाली राहिला." तत्त्वाचा प्रश्न होता. भावसाहेबांनी लगेच भाव वाढवला. पुढच्या आठवड्यात बाजार पुन्हा चढला. भावसाहेबांनी पुन्हा वाढवला. भविष्य निर्वाह निधीतून उचल घ्यावी लागली, पण हमी म्हणजे हमी.

ऑफिसात एक दिवस संचालकबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. बाई कमी बोलत आणि चष्म्याच्या वरून बघत.

"भावसाहेब, टोमॅटो उतरलाय, वांगी उतरलीत, भेंडीला कोणी विचारत नाही. मग एकटा दुधीच का चढतोय?"

"अवर्षण असेल."

"पाऊस उत्तम आहे."

"कीड?"

"कीड नाही. वाहतूक सुरळीत आहे. आणि गंमत म्हणजे फक्त तुमच्या घराजवळच्या मंडईत चढतोय. वर्तमानपत्रवाले मागे लागलेत. मला कारण हवंय."

भावसाहेबांनी चार दिवस डोकं लावलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे तर कळसा काखेत, पलंगाखाली आणि वॉशिंग मशीनमध्येही होता. त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा होता, की ही एका संघटित, निर्दय आणि बाजारशास्त्राचं सखोल ज्ञान असलेल्या साठेबाज टोळीची करणी आहे. पथक नेमून छापे घालावेत आणि 'घरी खायला आणलेत' ही सबब अजिबात ऐकू नये, अशी शिफारस त्यांनी केली. ती लिहिताना त्यांना स्फुरण चढलं होतं.

बाईंना अहवाल पसंत पडला. पथक नेमलं गेलं. पथकाचा प्रमुख गरागरा मिशी पिळणारा माणूस होता. त्यानं मंडईतल्या भाजीवालीला गाठलं.

"मावशी, दुधी कुठे जातो?"

"एक म्हातारेबुवा येतात रोज. आहेत नाहीत तेवढे उचलतात. भाव सांगितला की घासाघीससुद्धा करत नाहीत. मग मी रोज थोडा वाढवते. बघू म्हटलं कधी नको म्हणतायत. अजून म्हटलेलं नाही."

"टोळीचा माणूस!" पथकप्रमुखानं मिशी सोडून दिली.

दुसऱ्या दिवशी सरकारी गाडी निघाली. पुढे संचालकबाई, मागे पथकप्रमुख आणि दोन शिपाई आणि त्यांच्या मधोमध सन्मानानं बसवलेले भावसाहेब. गाडी ओळखीच्या रस्त्याला लागली.

"अरे, ही तर आमचीच गल्ली!" भावसाहेब उत्साहानं म्हणाले.

"तुमच्या नाकाखाली धंदा चाललाय बघा."

गाडी थांबली. "आमचीच बिल्डिंग!" भावसाहेबांचा आवाज थोडा उतरला. जिना चढताना ते मागे मागे राहू लागले. दुसऱ्या मजल्यावर पथकप्रमुखानं एका दाराला कान लावला. आतून काहीतरी जड घरंगळत गेल्याचा आवाज आला.

"मुद्देमाल आत आहे. तोडू का दार?"

"तोडू नका," भावसाहेब कसेबसे म्हणाले. "किल्ली आहे माझ्याकडे."

दार उघडलं. आत सासरे नुकत्याच आणलेल्या पिशवीतले दुधी आपल्या जुन्या शिवणयंत्रावर रचत होते आणि बायको त्यांना पाण्याचा पेला देत होती. पथकाला बघून पेला तिच्या हातातच राहिला. शिपायांनी कपाट उघडलं आणि त्यांना चटकन बाजूला उड्या माराव्या लागल्या. भावसाहेबांचा भ्रमाचा भोपळा फुटला, पण घरातले बाकीचे सगळे शाबूत होते.

"बाबा, हे बाजारातून आणलेत?" भावसाहेब म्हणाले. "आणि गच्चीवरचा वेल?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. "तीन दुधी लागले आणि वाळला हो तो. तुम्ही म्हणाला होतात, प्रयोग जमला नाही तर तुमची बढती जाईल. म्हटलं, जन्मात एकदा जावयाच्या उपयोगी पडायची वेळ आली, तर वेलामुळे नको अडायला. बाजारातून आणायचा आणि तुम्हाला द्यायचा. बघता बघता बाजार तुमच्या भावाच्याही वर गेला, मग पदरचे घालत होतो."

"पदर माझा," बायको हळूच म्हणाली. "घरखर्चातून देत होते मी."

"म्हणजे माझ्या पगारातून!"

"तुमच्या पगारातनं मी दुधी घेतले, माझ्याकडून तुम्ही घेतले, तुमच्या पगारातनंच," सासरे म्हणाले, आणि हा हिशोब मोठ्यानं ऐकून ते स्वतःच गोंधळले. मग एकदम ताठ झाले आणि दोन्ही हात पथकप्रमुखापुढे धरले. "साठेबाज मी आहे साहेब. न्यायचं तर मला न्या. जावईबापूंना यातलं काही माहीत नाही."

"माल मी विकत घेतलाय," भावसाहेब मध्ये आले. "साठा माझा आहे. बाबांना हात लावायचा नाही."  बढतीबिढती काही नव्हतीच, हे मात्र त्यांच्या तोंडून निघेना. म्हाताऱ्याच्या कष्टांचा तेवढाच तर आधार होता.

संचालकबाई इतका वेळ उभ्याच होत्या, कारण बसायला जागा नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"साठेबाज पकडायला निघालेल्या खात्यातच साठेबाज निघाला, हे मी वर कळवणार नाही," त्या म्हणाल्या. "माल सापडला. साठेबाज पसार झाला. अज्ञात इसम. शोध चालू राहील."

"आणि माल, बाई?" पथकप्रमुखानं विचारलं. "खटल्याचा निकाल लागेपर्यंत विकता येत नाही, खाता येत नाही, फेकता येत नाही. गोदाम तर भरलंय."

"नियमाप्रमाणे जवळच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या ताब्यात द्या. या भागात कोण आहे?"

सगळ्यांनी भावसाहेबांकडे बघितलं. बायकोनं पाण्याचा पेला स्वतःच पिऊन टाकला.

"जप्त मालावर राखणदार नेमावा लागतो," बाई पुढे म्हणाल्या. "पगारी. मालाची ओळख असलेला माणूस हवा." आणि सासऱ्यांकडे वळून त्या प्रथमच थोडंसं हसल्या. "आजोबा, करणार का नोकरी?"

आरोपीच न सापडल्यामुळे खटला उभा राहिना आणि खटला नाही म्हणून निकालही लागेना. दुधी सुकले, हलके झाले, वाऱ्यानं खडखड वाजू लागले, तरी जागचे हलले नाहीत. सासरे रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसत, पूर्ण पेला चहा मागून घेत, पंखा मोठा करत. भावसाहेब कपाटातून टॉवेल काढायला गेले की ते म्हणत, "जावईबापू, सरकारी मालाला धक्का लागणार नाही असं बघा हं." महिन्याच्या शेवटी खात्याचा माणूस येऊन त्यांच्या हातावर पगार ठेवी.

भावसाहेबांचे दिवस मात्र फिरले. आपल्याच भागातला साठेबाज त्यांना शोधता आला नाही, या कारणावरून त्यांची पगारवाढ रोखण्यात आली. त्यात निधीच्या उचलीचे हप्ते सुरू झाले. त्यांनी घरी कोणाला काही सांगितलं नाही. फक्त ते खुर्चीच्या कडेवर बसू लागले आणि चहा अर्धाच मागू लागले.

एका रात्री जेवताना सासऱ्यांनी घसा साफ केला.

"जावईबापू, एक काम होतं तुमच्याकडे. डोळ्यांना आता दिसत नाही, पण हात स्वस्थ बसत नाहीत. कागदाच्या पिशव्या कराव्यात म्हणतोय. तुमच्या त्या जुन्या अहवालांचे कागद फार चांगले, जाड असतात. मी विकत घेईन. रद्दीवाल्यापेक्षा थोडा जास्तच भाव देईन."

"अहवालांचे पैसे? बाबा, काहीतरीच काय!"

"पैशाचा प्रश्न नाही. प्रयोग आहे."

भावसाहेबांनी ताटातला घास संपवला. मग त्यांनी खुर्चीत पाठ टेकली.

"किती घेणार?" त्यांनी विचारलं.

"येतील तेवढे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भावसाहेब ऑफिसातून टॅक्सीनं आले. ड्रायव्हर आणि ते मिळून गठ्ठे वर आणत होते आणि खाली टॅक्सीत अजून निम्मे शिल्लक होते. बायकोनं दारातून एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा वॉशिंग मशीनकडे बघितलं.

"बाबा," ती म्हणाली, "मर्यादा घाला."